सातवी पिन

मेधाचा फोन आला तेव्हा विभा बाल्कनीत चादरी वाळत घालत होती. सोमवार असला तरी क्रीडा दिनाची सुट्टी होती, त्यामुळे तिचा नवरा हेमचंद्र घरीच होता. पण आतल्या खोलीत, दार लावून. सकाळपासून ती दोनदा चहा घेऊन गेली, दोन्ही वेळा त्याने दार वीतभर उघडून कप आत घेतला आणि परत लोटलं.

"विभाताई, बोलू का दोन मिनिटं?" मेधाचा आवाज बसला होता.

"अगं, बोल की. सर्दी झाली का?"

"नाही. आमचं चेंबर बंद पडलंय. काल संध्याकाळी एक मुलगी काम करायला गेली तर त्याचा कॉम्प्युटर चालूच होईना. आणि रजिस्टरमध्ये शेवटचं नाव माझं आहे. शनिवारचं."

मेधा साताऱ्याची. त्सुकुबा या जपानी शहरात हेमचंद्रच्याच प्रयोगशाळेत पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होती. महिन्यातून एखाद्या रविवारी जेवायला यायची, भाकरी थापायला बसायची, जाताना लोणच्याची बरणी घेऊन जायची. ती ज्याला चेंबर म्हणत होती, ते काचेच्या चकत्यांवर धातूचे अगदी पातळ थर चढवायचं यंत्र. अठरा वर्षांचं जुनं. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. यंत्राची देखभाल हेमचंद्रकडे होती, आणि प्रयोगशाळेचे प्रमुख होते सेकिगुची-सान.

"सेकिगुची-सानांनी मला तीनदा विचारलं, नक्की कसं बंद केलंस म्हणून. मी नेहमीसारखंच केलं होतं हो. पण इतक्यांदा विचारल्यावर आता माझं मलाच खरं वाटेना. शिमात्सुशो लिहितेय. उद्या नऊला द्यायचं."

विभाला तो शब्द माहीत होता. ती काम करायची त्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, तिनेही एकदा लिहिलं होतं. आपल्या हाताने, आपली चूक काय झाली, का झाली, पुन्हा होणार नाही, असं सगळं.

"पण तू चूक केलीच नसलीस तर काय लिहिणार?"

"तेच सुचत नाहीये. पाच वेळा फाडलं." मेधा थांबली. "शुक्रवारपर्यंत माझ्या चकत्या व्हायला हव्यात. तयार आहेत, हवा लागून खराब होतील. सरांना विचाराल का जरा? कालपासून ते माझ्या मेसेजला उत्तर देत नाहीयेत."

विभाने फोन ठेवला. हातातली चादर तशीच कठड्यावर टाकली आणि दार न वाजवता आतल्या खोलीत शिरली.

हेमचंद्र टेबलावर वाकून बसला होता. समोर पांढरा हातरुमाल पसरलेला, त्यावर काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, चौकोनी तुकडा उलटा ठेवलेला. त्याच्या अंगावर सोनेरी काट्यांचं दाट शेत. शेजारी भिंग, चिमटा आणि शिसं काढलेली पेनपेन्सिल. विभाने एका नजरेत ओळखलं. वाकलेली पिन पेनपेन्सिलच्या पोकळ टोकात घालून हळूहळू उभी करतात.

"हा चेंबरच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर आहे?"

त्याने मान हलवली.

"घरी कसा आला?"

"काल दुपारी मी गेलो होतो." तो रुमालाकडे बघतच बोलत होता. "कॉम्प्युटर फार तापत होता, म्हणून वरचा पंखा काढून साफ करावा म्हटलं. मधली पेस्ट वाळून दगड झाली होती. पंखा ओढला तर त्याला चिकटून प्रोसेसरच उपटून बाहेर आला. माझ्या हातातून निसटला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. सात पिना वाकल्या. सहा सरळ केल्या. सातवी तुटली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होतो. दुरुस्त करून."

"मेधा शिमात्सुशो लिहितेय, हेम."

त्याने चिमटा उचलला आणि परत ठेवला. त्यावरूनच विभाला कळलं की त्याला हे आधीच माहीत होतं. तिला बसावंसं वाटेना. ती खिडकीपाशी गेली, तिथून टेबलापाशी आली, पुन्हा खिडकीपाशी गेली.

"दुसरा प्रोसेसर मिळत नाही?"

"परदेशातून मागवलाय. दोन आठवडे लागतील." मग त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "विभा, तू करशील का? तुला येतं हे."

येत होतं. पुण्यात चौदा वर्षं तिने श्रवणयंत्रं दुरुस्त केली होती. मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक तारांना डाख देत. लोक कानाला यंत्र लावून समोर बसायचे आणि ती काहीतरी बोलली की त्यांचे डोळे बदलायचे. सहा वर्षांपूर्वी त्सुकुबाला आल्यापासून तिने सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नव्हतं. इथे कुणी तिला त्याबद्दल विचारलंही नव्हतं. हेमचंद्रने कुणाला सांगितलंही नव्हतं.

तिने भिंग उचलून पाहिलं. कोपऱ्यापासून दुसऱ्या ओळीत, बरोबर एक जागा रिकामी. खाली टाचणीच्या टोकाएवढा चमकता ठिपका उरला होता.

"घरी नाही होणार. मायक्रोस्कोप पाहिजे, बारीक टोकाचं आयर्न पाहिजे. तुमच्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये आहे ना सगळं?"

"तिथे इशिगुरो-सान असतात. ते विचारतील."

"विचारू देत. आणि पिन लागेल, तशीच. तुटलेली कुठाय?"

"सापडली नाही."

दुपारी दोघं त्सुकुबा एक्सप्रेसने अकिहाबाराला, इलेक्ट्रॉनिक मालाच्या बाजारात निघाली. पाऊण तासाचा प्रवास. डब्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, त्यामुळे शेजारी शेजारी बसून दोघं फोनवर भांडली. विभाने टाइप केलं, 'मेधाचं तुला कधी कळलं?'

'काल रात्री. सेकिगुची-सानांचा मेल आला.'

'त्यात तिचं नाव होतं?'

'शेवटची नोंद तिची आहे एवढंच होतं. आरोप नव्हता. मंगळवारी मी यंत्र बघावं असंही त्यांनी लिहिलं होतं. वाटलं, गुपचूप बसवला की विषय संपेल.'

'कुणाचा विषय?'

दोन स्टेशनं गेली. मग उत्तर आलं, 'मार्चमध्ये माझा करार संपतोय. पुढचं याच महिन्यात ठरणार आहे. तुला माहीत आहे.'

तिला माहीत होतं. मार्चनंतर आपण कुठे असू, हा प्रश्न दोघांच्या घरात गेलं वर्षभर भाडेकरूसारखा राहत होता. तिने काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुसलं. शेजारी हेमचंद्रचा गुडघा सारखा हलत होता. तिने त्यावर हात ठेवला, तेव्हा क्षणभर थांबला, मग परत हलू लागला.

अकिहाबाराच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावरच्या दुकानात 'जंक' लिहिलेल्या खोक्यांमध्ये दोघं तासभर उकरत होती. तोच प्रोसेसर मिळाला नाही. पण त्याच जातीचा, एका बाजूने काळा पडलेला, मेलेला एक मिळाला. पिना तशाच, तितक्याच जाड. विभाने तो उजेडात धरून मोजल्यासारखा पाहिला आणि म्हणाली, "चालेल."

परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर उभी असताना मेधाचा फोन पुन्हा आला.

"ताई, सरांना विचारलंत?"

विभाने हेमचंद्रकडे पाहिलं. त्याला ऐकू आलं होतं. तिने फोन त्याच्यापुढे धरला. "बोल तिच्याशी."

त्याने फोन घेतला. "मेधा? हो, हो. हे बघ, काळजी करू नकोस. मी उद्या बघतोय. होईल दुरुस्त." मग ऐकत राहिला. "नाही, तसं काही... तू शांत झोप. बरं."

फोन परत देताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. गाडी आली. विभा जागा असूनही बसली नाही. पूर्ण पाऊण तास दाराशी उभी राहिली. फोन हातातच होता. तिने दोनदा मेधाचं नाव काढलं आणि दोनदा बंद केलं. त्यानेच सांगायला हवं, असं ती स्वतःला म्हणत होती.

मंगळवारी तिची सकाळची शिफ्ट होती. तिने सोबतच्या बाईला फोन करून बदलून घेतली आणि साडेसातला दोघं सायकलींवर निघाली. रस्ते रुंद, सरळ, रिकामे. विभा पुढे होती. प्रोसेसर तिच्या पिशवीत, डब्यात, कापसात. प्रत्येक फूटपाथच्या कडेला तिचा जीव वरखाली होत होता.

वर्कशॉप तळमजल्यावर होतं. इशिगुरो-सान साठी उलटलेले, बारीक अंगाचे, राखाडी कोट घातलेले. हेमचंद्रने जपानीतून सांगितलं, "एका प्रोसेसरची पिन तुटलीय. माझी बायको लावू शकेल. मायक्रोस्कोप वापरू का?"

कुठला प्रोसेसर, कुणी तोडला, हे त्याने सांगितलं नाही. इशिगुरो-सानांनी विभाकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. "दोझो," म्हणाले, म्हणजे खुशाल वापरा, आणि मायक्रोस्कोपवरचं आवरण काढलं.

विभा बसली. डोळे भिंगांना लावले आणि ती सोनेरी झाडी एकदम जवळ आली. रिकाम्या जागेभोवती पिना इतक्या दाटीने उभ्या होत्या की आयर्नचं टोक मध्ये शिरायला जेमतेम वाव होता. आधी मेलेल्या प्रोसेसरवरच्या एका पिनेला तिने ऊब दिली. पिन सैल झाली, चिमट्यात आली. खालच्या टोकाला खिळ्यासारखं चपटं डोकं. ठीक. मग डाख नीट धरावा म्हणून ठिपक्यावर फ्लक्सचा थेंब ठेवला, सोल्डरचा कण ठेवला आणि पिन वर धरली.

चिमट्याचं टोक थरथरत होतं. मायक्रोस्कोपखाली ती थरथर भूकंपासारखी दिसत होती.

तिने हात मागे घेतला. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मागे हेमचंद्र उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, सारखा घड्याळ बघत. आठ वीस.

ती न वळता मराठीत म्हणाली, "तू इथे उभा असलास की माझा हात राहत नाही."

"मी बाहेर थांबतो."

"बाहेर नको. नऊ वाजता ती पोरगी न केलेल्या चुकीची माफी मागणार आहे. तू वर जा."

"आधी हे होऊ दे, विभा. झालं तर सांगायला सोपं जाईल."

"आणि नाही झालं तर?"

तिने आयर्न स्टँडमध्ये ठेवलं आणि वळून त्याच्याकडे पाहिलं. "हेम, मी हे तुला लपवायला मदत म्हणून करणार नाही. यंत्र चालू व्हावं म्हणून करेन. तू गेलास की सुरू करते."

इशिगुरो-सान दुसऱ्या टेबलाशी काहीतरी कानशीने घासत होते. भाषा कळत नसली तरी त्यांचा हात थांबला होता. हेमचंद्र दाराबाहेर गेला. तो वर गेला की खाली बागेत, हे विभाला दिसलं नाही.

तिने आयर्न उचललं.

पहिल्यांदा पिन उभी राहिली, पण सोल्डर जास्त झालं आणि शेजारच्या पिनेवर चढलं. दोन्ही एकमेकींना चिकटल्या. तिने तांब्याच्या विणलेल्या पट्टीने ते शोषून घेतलं, सगळं पुसलं. दुसऱ्यांदा पिन तिरपी बसली. सरळ करायला गेली तर चिमट्यातून उडून कुठे गेली ते दिसलंच नाही. आठ पन्नास झाले होते. वर काय चाललं असेल, हा विचार डोक्यात येत होता आणि ती तो परतवून लावत होती. तिसरी पिन काढली. इशिगुरो-सान न बोलता शेजारी आले. त्यांनी प्रोसेसरखाली एक छोटा तापलेला ठोकळा सरकवला, म्हणजे खालूनही थोडी ऊब मिळेल. तिने मान डोलावली. हे तिला सुचायला हवं होतं.

या वेळी सोल्डरचा कण तिने आधीच्या निम्म्याने घेतला. पिन धरली, श्वास सोडला आणि अर्धा सोडलेला असतानाच आयर्न टेकवलं. कण चकाकला, पसरला, पिनेच्या डोक्याखाली ओढला गेला. तिने आयर्न काढलं. चिमटा मात्र धरून ठेवला. दहा अंक मोजले, मग अजून दहा.

सोडला. पिन उभी होती. ओळीतून आडवं पाहिलं तर बाकीच्यांत मिसळून गेली होती.

"कुठे शिकलात?" इशिगुरो-सानांनी विचारलं.

"पुण्याला. कानाची यंत्रं," ती म्हणाली. तिची जपानी कोनबिनीतली, नम्र पण अपुरी. "चौदा वर्षं."

"हेमचंद्र-सान कधी बोलले नाहीत."

"नाही," विभा म्हणाली.

विभा आणि इशिगुरो-सान जिना चढून प्रयोगशाळेत गेले तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. दारातून आधी मेधा दिसली. भिंतीला टेकून उभी, हातात पांढरा लिफाफा, डोळे लाल. सेकिगुची-सान खुर्चीत बसले होते. आणि त्यांच्यासमोर हेमचंद्र कमरेत वाकून उभा होता. विभाने त्याला इतकं खाली वाकलेलं कधी पाहिलं नव्हतं. तो सरळ होईना. शेवटी सेकिगुची-सानच म्हणाले, "कळलं. आता पुरे."

मेधाने विभाकडे पाहिलं. हसली नाही. विभाने डबा पुढे केला.

हेमचंद्रनेच प्रोसेसर बसवला. पंखा लावला, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. "काढून परत बसव," विभा म्हणाली. "दाब न देता." त्याने काढला, भिंगातून पाहिला, परत ठेवला. पुन्हा बटण. एक बारीक बीप झाला आणि पडद्यावर अक्षरं उमटू लागली.

मेमरी निम्मीच दिसत होती. बहुधा त्या पिनेचा नाहीतर शेजारणीचा संबंध तिच्याशी असावा. सेकिगुची-सानांनी वाकून आकडा पाहिला आणि मेधाला विचारलं, "इतक्यात चालेल?"

"चालेल," मेधा म्हणाली. थोड्या वेळाने निर्वात पंपाची घरघर सुरू झाली.

मेधाच्या चकत्या गुरुवारीच झाल्या. शिमात्सुशो हेमचंद्रने लिहिलं, दोन पानी, आणि त्यात पिन तुटल्याबरोबर गप्प बसल्याचंही लिहिलं. सेकिगुची-सान त्याच्यावर रागावले नाहीत. आठ दिवसांनी यंत्राची जबाबदारी मात्र दुसऱ्याकडे गेली. कराराचं काय होणार ते कुणी सांगेना. हेमचंद्र संध्याकाळी लवकर घरी येऊ लागला. भाजी चिरायचा आणि मधेच सुरी ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचा. एकदा म्हणाला, "मेधा माझ्याशी कामापुरतंच बोलते."

"बोलते ना, तेवढं पुष्कळ आहे," विभा म्हणाली.

तिने स्वतः मेधाला दोन रविवारी बोलावलं होतं. दोन्ही वेळा उत्तर आलं, 'बघते, ताई.' आणि आली नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी मेधा कोनबिनीत आली. गल्ल्यावर विभा होती. मेधाने एक चहाची बाटली ठेवली. विभाने ती स्कॅन केली.

"त्या दिवशी स्टेशनवरून सर बोलले," मेधा मराठीत हळूच म्हणाली, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

विभाचा हात बाटलीवरच राहिला. "हो."

"सकाळपासून?"

"तुझा पहिला फोन आला, त्यानंतर लगेच कळलं."

"मग मला का नाही सांगितलंत? मी ती रात्रभर लिहीत होते. शेवटी मी खोटंच लिहिलं, ताई. चुकीचं बटण दाबलं असेन म्हणून. मी ते देणार होते."

"त्याने सांगावं असं मला वाटत होतं." बोलता बोलताच विभाला ते किती तोकडं आहे ते कळलं. "नाही. तसं नाही. मलाही भीती वाटली. त्याच्यासाठी, आमच्यासाठी. मी फोन काढला होता गाडीत. केला नाही. माझं चुकलं, मेधा."

मेधाच्या मागे एक माणूस जेवणाचा डबा घेऊन येऊन उभा राहिला. मग त्याच्यामागे एक बाई. मेधाने मागे पाहिलं, बाटली उचलली आणि बाजूला झाली. विभाने त्या माणसाला वाकून 'उशीर झाला, माफ करा' म्हटलं. डबा गरम करायला ठेवला. बाईची पिशवी भरली. आणखी दोघं आले. मान वर करायला सवड मिळाली तेव्हा दुकानात मेधा नव्हती.

शिफ्ट संपायला वीस मिनिटं होती. विभाला ती संपता संपेनात. तिने उगाच दुधाचे खोके पुढे ओढले, आधीच पुसलेला काउंटर पुसला. तीन वाजता एप्रन काढून ती मागच्या दाराने बाहेर आली.

सायकलींच्या रांगेपाशी मेधा उभी होती. चहाची बाटली तशीच, न उघडलेली.

"मला अजून राग आहे," मेधा म्हणाली.

"असू दे."

"सरांचा जास्त आहे. पण तुमचाही आहे."

विभाने मान हलवली. सायकलचं कुलूप काढलं. मेधा सायकल घेऊन तिच्या शेजारून चालू लागली. वर बसायची घाई दोघींनीही केली नाही. चौकातल्या सिग्नलपर्यंत दोघी तशाच चालत गेल्या. सिग्नल हिरवा झाला, तेव्हा मेधा म्हणाली, "इशिगुरो-सान परवा विचारत होते तुमच्याबद्दल. त्यांच्याकडे एक मोडका सेन्सर पडलाय म्हणे."

"मला विचारायचं तर मलाच विचारा म्हणावं," विभा म्हणाली.

"मी तेच सांगितलं," मेधा म्हणाली, आणि दोघी रस्ता ओलांडू लागल्या.